चौथी टाप

सोळा ऑगस्टच्या सकाळी सिएनात कुणाच्या घशाखाली धड घास उतरत नाही. ओर्नेलाने पाव भाजला, वर जर्दाळूचा मुरंबा लावला आणि बशी वडिलांच्या मांडीवर ठेवली. अझेलिओंनी तिला हातसुद्धा लावला नाही. खिडकीशी खुर्ची ओढून ते बसले होते, मान जराशी कलती, उजवा कान खालच्या गल्लीकडे.

"बाबा, खाऊन घ्या. नंतर दिवसभर तुम्ही काही खाणार नाही, मला माहितीये."

"गप. चौकातून निघाले बघ."

ओर्नेलाला काहीच ऐकू आलं नाही. दोन मिनिटांनी आलं. आधी गाण्याचा गलका, मग दगडी फरशीवर नालांचे ठोके. संध्याकाळच्या शर्यतीआधीची शेवटची सराव-फेरी संपली होती आणि घोडे आपापल्या आळीत परतत होते.

अझेलिओंचं घर बगळेआळीतलं शेवटचं. त्याच्यापुढची भिंत कोल्हेआळीची. चौकातून तिकडे जायला दुसरी वाट नसल्यामुळे कोल्ह्यांचा घोडा दरवेळी याच उतारावरून जायचा, आणि दरवेळी या खिडकीखाली आल्यावर कोल्ह्यांचा आवाज दुप्पट चढायचा. आजही चढला.

"आजीबाई, टोपी घातली का? ऊन लागेल हो!" खालून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

सिएनाच्या सतरा आळ्यांत जी सगळ्यांत जास्त वर्षं जिंकलेली नसते तिला आजी म्हणतात, आणि आजीच्या डोक्यावर चुणीदार टोपी असते, निदान शत्रूच्या गाण्यात तरी. बगळेआळीला जिंकून एकतीस वर्षं झाली होती. कोल्ह्यांनी मागच्या दहा वर्षांत तीनदा बाजी मारली होती. आणि यंदा चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला आली होती झागारा, गडद तांबूस रंगाची, दोन शर्यती जिंकलेली घोडी. बगळ्यांना मिळाला होता बार्डो, स्वभावाने गोड आणि पायाने मंद.

ओर्नेला खिडकीतून वाकली. घोडी खरोखर देखणी होती. कोल्ह्यांचा मोतद्दार गाल्गानो तिचा लगाम धरून चालला होता. तो ओर्नेलाच्याच वर्गातला. एरवी भेटला तर चहा-कॉफी झाल्याशिवाय सोडायचा नाही, पण आज त्याने वर पाहिलंही नाही.

घोडी कोपऱ्यावरून वळून गेली. ओर्नेला मागे फिरली तर वडील खुर्चीतून अर्धे उठलेले. बशी खाली पडून पावाचे तुकडे झालेले.

"काय झालं?"

"तू तिला पाहिलंस ना? कशी चालत होती?"

"कशी म्हणजे? घोड्यासारखी. ऐटीत."

"लंगडत नव्हती?"

"छे हो. अजिबात नाही."

अझेलिओ पुन्हा बसले. त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला. एक, दोन, तीन, आणि चौथा ठोका नुसता टेकल्यासारखा. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच.

"पुढचा डावा," ते म्हणाले. "उतारावर त्या पायावर भार घेत नाहीये ती. मातीवर कळणार नाही. दगडावर कळतं."

पाच वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. तरुणपणी मात्र हा माणूस सव्वीस वर्षं बगळ्यांचा मोतद्दार होता. शर्यतीचे चार दिवस घोड्याजवळ झोपायचा, त्याचं पाणी आधी स्वतः चाखायचा. ओर्नेलाच्या लहानपणी आई म्हणायची, याला बायकोचा ताप कळत नाही, पण घोड्याला शिंक येणार असली तर आदल्या दिवशी कळतं.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. ब्रुनेरोकाका आले. अझेलिओंचे धाकटे भाऊ, सहासष्ट वर्षांचे, बगळेआळीचे यंदाचे कप्तान. चार दिवसांत झोप नाही, डोळे लाल, गळ्यात पांढरा-निळा रुमाल.

"कॉफी दे ग पोरी, काळी. दादा, बार्डो आज बरा धावला. बरा म्हणजे, शेवटचा नाही आला."

"ब्रुनेरो," अझेलिओ म्हणाले, "कोल्ह्यांची घोडी दुखावली असली तर?"

"तुझ्या तोंडात साखर पडो!" काकांनी उभ्या उभ्याच कॉफी घशात ओतली. "अरे, तीन दिवस मी मेणबत्त्या लावतोय, की तिला निदान पडसं तरी होऊ दे. आपण जिंकत नाही हे मला ठाऊक आहे दादा. पण ते जिंकले ना, तर मी उद्या तोंड दाखवायचा नाही. का रे? काही ऐकलंस का कुणाकडून?"

"नाही," अझेलिओ म्हणाले. "कुणाकडून नाही."

काका गेले. खाली जाताना कुणावर तरी खेकसल्याचा आवाज आला. ओर्नेला जमिनीवरचा मुरंबा पुसू लागली. 

"मोरेल्लो आठवतो तुला?" वडिलांनी एकदम विचारलं.

आठवत होता. न आठवायला काय झालं. ती सतरा वर्षांची होती. बगळे शेवटचं जिंकले त्याच्या पुढच्याच वर्षी मोरेल्लो त्यांच्या वाट्याला आला होता, काळाभोर, आणि सगळं शहर म्हणत होतं की यंदाही तेच. दुसऱ्या फेरीत, उताराच्या वळणावर, तो पुढच्या पायांवर कोसळला. चौघांनी त्याच्याभोवती पांढरी चादर धरली. ओर्नेला तिथून वीस पावलांवर उभी होती. चादरीच्या मागे काय झालं ते तिने पाहिलं नाही, पण चादर खाली आली तेव्हा सगळं संपलं होतं.

"त्या दिवशी सकाळी," अझेलिओ म्हणाले, "त्याला याच उतारावरून मी आणत होतो. आणि हाच आवाज आला होता. अगदी हाच. मी थांबलो. मागे अख्खी आळी गात होती. मी वाकून पाय चाचपला. शीर गरम होती, थोडीशीच. मी स्वतःला समजावलं, चालून गरम झालीये. कप्तानाला सांगितलं नाही, घोड्यांच्या वैद्याला सांगितलं नाही. कारण आपण जिंकणार होतो ना."

ओर्नेलाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्याच पानगळीत वडिलांनी मोतद्दारी सोडली होती. डोळ्यांचं कारण सांगून. डोळे तर तेव्हा ठणठणीत होते, हे तिच्या आत्ता, तीस वर्षांनी लक्षात आलं.

"तुम्ही आईला सांगितलं होतं?"

"कुणालाच नाही."

बाहेर घंटा वाजत होत्या. अझेलिओंनी खुर्चीच्या हातावर तळवे टेकले आणि उठून उभे राहिले.

"चल. मला कोल्हेआळीत घेऊन चल."

"बाबा!"

"एकट्याने गेलो तर पडेन. नाहीतर तुला त्रास दिला नसता."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आज? तिथं? त्यांना काय वाटेल, की बगळ्यांनी आंधळा म्हातारा पाठवलाय, घोडी काढून घ्या सांगायला! हाकलून देतील. आणि आपल्या लोकांना कळलं तर? ब्रुनेरोकाका तुमच्याशी जन्मात बोलणार नाहीत."

"हे सगळं मीपण मोजलंय," अझेलिओ म्हणाले. "दार उघड."

तिने निदान गळ्यातला रुमाल काढा म्हणून सांगून पाहिलं. ते म्हणाले, चोरासारखं जायचं नाही. मग तिनेही कपाटातून आपला रुमाल काढून बांधला. ते त्यांना दिसणार नव्हतं, पण रेशमाचा आवाज त्यांना कळला असावा, कारण त्यांनी तिच्या दंडाला धरताना थोडं दाबलं.

कोपरा ओलांडला की भिंतींवरची निशाणं बदलतात. पांढरं-निळं संपून तांबडं-काळं सुरू होतं. गल्लीत रात्रीच्या जेवणाची लांबच लांब टेबलं मांडून झाली होती. बायका चादरी पसरत होत्या. पहिल्या टेबलापाशी एकीने मान वर केली, तिच्या हातातल्या थाळ्या थांबल्या, आणि मग टेबलामागून टेबल बोलणं बंद पडत गेलं.

"आजीबाई वाट चुकल्या वाटतं," एक बाई म्हणाली.

"मागे फिरा, मागे. देवळाचा रस्ता तिकडं आहे."

दोन दांडगे तरुण आडवे आले. एकाने अझेलिओंच्या रुमालाकडे बोट केलं. "हे घालून आमच्या गल्लीत? आज? हिंमत आहे म्हाताऱ्याची."

"मला गाल्गानोला भेटायचंय," अझेलिओ म्हणाले.

"आणि मला चंद्रावर जायचंय. चला, निघा."

"अरे, हात लावू नकोस त्यांना!" ओर्नेला एवढ्या जोरात ओरडली की ती स्वतःच दचकली. वीस-बावीस वर्षांत, लग्नानंतरच्या त्रिएस्तेच्या शांत घरात, ती अशी ओरडली नव्हती. "त्यांना दिसत नाही. काय करणार आहेत ते तुमच्या घोडीला? भिंतीला धडकवणार?"

आरडाओरडा ऐकून पागेच्या दारातून गाल्गानो बाहेर आला. दाढी वाढलेली, बाहीला गवत चिकटलेलं. त्याच्या मागोमाग क्लेलिया आली, कोल्ह्यांची कप्तान. साठीची, उंच, करड्या केसांची बाई. औषधाचं दुकान चालवायची आणि गिऱ्हाइकाला खोकला कुठल्या आळीचा आहे हे विचारून मगच बाटली काढायची, अशी तिची ख्याती.

"अझेलिओकाका, घरी जा," गाल्गानो हळू आवाजात म्हणाला. "उगाच तमाशा नको. ओर्नेला, ने ग यांना."

"पुढचा डावा," अझेलिओ म्हणाले.

गाल्गानोचा चेहरा ओर्नेलाला समोर दिसत होता. तो पांढरा पडला. नुसता क्षणभर, पण पडला.

"काय म्हणालात?" क्लेलियाने विचारलं.

"तुमच्या घोडीचा पुढचा डावा पाय. उतारावर त्या पायाची टाप हलकी पडत होती. वळणावर सगळा भार त्याच पायावर येणार आहे."

एक तरुण फस्सकन हसला. "ऐका! बगळ्यांचे वैद्यबुवा आले! डोळे नाहीत, पण पाय तपासतात!"

क्लेलिया हसली नाही. "अझेलिओ, तुमच्या तोंडच्या शब्दावर मी घोडी काढून घेईन, बदली दुसरी मिळत नसताना, असं खरंच वाटलं तुम्हाला? तुमच्या भावाने पाठवलं का?"

"ब्रुनेरोला कळलं तर तो मला खिडकीतून फेकेल."

"मग का आलात?"

आणि मग अझेलिओंनी सांगितलं. भर गल्लीत, मांडलेल्या टेबलांमध्ये, ज्यांच्यापुढे आयुष्यभर मान ताठ ठेवली त्या लोकांसमोर. मोरेल्लोचं नाव घेतलं तशी जुनी माणसं पुढे सरकली. कोल्ह्यांनी त्या संध्याकाळी आनंद केला होता, हे ओर्नेलाला आठवत होतं. त्यांनाही आठवत असणार. अझेलिओंनी काही लपवलं नाही. शीर गरम लागली, मला कळलं, मी गप्प बसलो. एवढंच तीन-चार वाक्यांत सांगून ते थांबले. 

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "तिला इथं फरशीवर चालवा. तुम्हीच ऐका. मी एक शब्द बोलणार नाही. काही नसलं, तर मी म्हातारा झालोय एवढंच. जाताना मागून टोपीचं गाणं म्हणा, मी हळू चालेन."

 क्लेलिया गाल्गानोकडे वळली. "तू काल संध्याकाळी मला काहीतरी सांगत होतास."

"हो."

"मी म्हटलं, तुला झोप नाही म्हणून भास होतायत."

"हो," गाल्गानो म्हणाला. "असेलही. पण सकाळपासून ती तो पाय पुढे टाकूनच उभी आहे."

क्लेलियाने टेबलाच्या कडेला हात टेकला. जरा वेळाने म्हणाली, "आण तिला बाहेर."

झागारा बाहेर आली. उन्हात तिची कातडी तांब्याच्या नव्या भांड्यासारखी चमकत होती. गाल्गानोने तिला गल्लीच्या वरच्या टोकापर्यंत नेलं आणि तिथून उतारावर आणायला सुरुवात केली. इतकी माणसं, पण श्वास सोडल्याचाही आवाज नव्हता. टक, टक, टक, आणि मग काहीतरी कमी. टक, टक, टक, आणि पुन्हा कमी. सकाळी खिडकीतून डोळ्यांनी पाहताना ओर्नेलाला जे दिसलं नव्हतं ते आता डोळे मिटल्यावर स्वच्छ ऐकू आलं. तिने डोळे उघडले तेव्हा थाळ्या धरलेली ती बाईही डोळे मिटून उभी होती.

गाल्गानो थांबला, खाली वाकला आणि गुडघ्याच्या खाली, नळीच्या मागे, अंगठा फिरवत आणला. एका जागी घोडीने झटकन पाय उचलून घेतला.

"वैद्यांना बोलवा," क्लेलिया म्हणाली. मग अझेलिओंकडे न बघता, "तुम्ही आता जा."

आभार नाही, शिवी नाही. त्या दोन तरुणांनीच त्यांना कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं. मागून गाणंही कुणी म्हटलं नाही.

दुपार जाता जाईना. वैद्य काय म्हणाले, ते आले तरी की नाही, कळायला मार्ग नव्हता. कोल्हेआळीच्या तोंडाशी पहारा बसला होता. तीन वाजता बगळ्यांच्या छोट्या देवळात बार्डोला आणलं. पाद्रीबुवांनी पाणी शिंपडलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, जा, आणि जिंकून ये. बार्डोने वेदीसमोरच लीद टाकली, हा मोठा शुभशकुन. लोक आनंदाने रडले. अझेलिओ मागच्या बाकावर बसून होते. ओर्नेलाच्या लक्षात आलं, आसपासची जागा रिकामी आहे.

बातमी पोचली होती.

देवळाबाहेर पडताच ब्रुनेरोकाकांनी त्यांना भिंतीशी गाठलं. "दादा, खरं आहे हे? तू त्यांच्या पागेपाशी गेलास?"

"गेलो."

"लोक काय म्हणतायत ठाऊक आहे? निम्मे म्हणतात, तू फितूर झालास. निम्मे म्हणतात, मीच तुला पाठवलं, त्यांना घाबरवायला, आणि हा डाव बगळ्यांना शोभत नाही. मी कुणाकुणाला तोंड देऊ? शर्यतीला चार तास राहिलेत! आणि ही, ही तुला घेऊन गेली?" काका ओर्नेलाकडे वळले. "तू तरी शहाणी ना? बाहेर राहून हेच शिकलीस?"

"काका, घोडी लंगडतेय. मी ऐकलंय."

"लंगडू दे की! त्यांची आहे!" काका ओरडले, आणि ओरडून झाल्यावर स्वतःच गप्प झाले. तेही घोड्यांतच वाढलेले. त्यांनी रुमालाने मान पुसली. "आणि समजा, त्यांनी ऐकलंच नाही? तिला तशीच पळवली आणि ती जिंकली? मग?"

"मग जिंकली," अझेलिओ म्हणाले. "पडली नाही म्हणजे झालं."

काका पाय आपटत गेले.

चौकात जायला अझेलिओ एरवी नकार द्यायचे. गर्दीत धक्के लागतात, आणि मला काय दिसणार. आज ते स्वतःहून म्हणाले, जाऊ या. ओर्नेलाने त्यांना चौकाच्या भिंतीशी, सावलीच्या बाजूला, एका ओळखीच्या बाईच्या दुकानाच्या पायरीवर जागा मिळवून दिली. समोर पिवळ्या मातीचा गोल रस्ता, मधोमध चाळीसेक हजार डोकी. मनोऱ्यावरची मोठी घंटा संथ लयीत वाजत होती. मिरवणूक सुरू झाली. एकेका आळीचा ढोलवाला पुढे, मग निशाणं उडवणारे, मग चिलखतातले शिपाई, मग घोडा.

अझेलिओंना बघायची गरज नव्हती. प्रत्येक आळीचा ढोल वेगळा वाजतो, आणि ते नावं घेत होते. "हरीण. आता कासव... नाही, मासा. हा ढोलवाला नवीन आहे, घाई करतोय." मग बगळे आले. ओर्नेलाने बार्डोकडे हात हलवला. ब्रुनेरोकाका मखमलीचा झगा घालून घामाघूम, नजर सरळ समोर.

"यांच्यामागे कोल्हे," अझेलिओ म्हणाले आणि त्यांनी ओर्नेलाचा हात घट्ट धरला.

बगळ्यांचा ढोल दूर गेला. त्याच्यामागे वाजायला हवा तो वाजेना. घंटा वाजत होती, लोक कुजबुजत होते, पण ढोल नाही. अझेलिओंचं तोंड किंचित उघडं राहिलं.

"ओर्नेला. ढोल नाही वाजत."

"नाही बाबा."

"काय दिसतंय? सांग ना मला!"

ती सांगू लागली. कोल्हे येत होते. ढोलवाल्याने काठ्या काखेत धरल्या होत्या. निशाणं काठीला गुंडाळून बांधलेली. शिपायांच्या डोक्यांवर शिरस्त्राणं नव्हती, हातात घेतली होती. मयताला चालावं तसे चालत होते. मध्ये घोड्याची जागा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेच्या बाजूने गाल्गानो, हातात नुसता लगाम.

"घोडी नाहीये बाबा. काढून घेतली त्यांनी. घोडी नाही."

 अझेलिओंनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि त्यांचे खांदे हलू लागले. ओर्नेलाने आईच्या मयतालासुद्धा त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ती पायरीवर त्यांना चिकटून बसली आणि पाठीवर हात फिरवत राहिली. कधीतरी तिच्या लक्षात आलं, आपणही रडतोय. दुकानवाली बाई वाकून म्हणाली, "अहो, कोल्हे बाद झाले, रडताय काय? हसा!" आणि मग त्यांचे चेहरे पाहून आत गेली, पाण्याचा ग्लास घेऊन आली.

शर्यत झाली. सुरुवातीच्या दोरीपाशी स्वारांची भांडणं पाऊण तास चालली आणि प्रत्यक्ष धावणं सव्वा मिनिटात आटोपलं. हरीणआळीचा घोडा पहिल्यापासून पुढे होता आणि पुढेच राहिला. बार्डो पाचवा आला, तोही स्वाराशिवाय, कारण इथं नुसता घोडा पोचला तरी चालतं. वळणावर त्याचा स्वार भिंतीला लावलेल्या गादीवर आपटला, बार्डो एकटाच ऐटीत तिसरी, शेवटची फेरी पुरी करून मोतद्दारापाशी जाऊन उभा राहिला, आणि स्वारही धूळ झटकत उठला. "चारही पाय?" अझेलिओंनी विचारलं. "चारही," ओर्नेला म्हणाली.

घरी येऊन तिने पीचीचं, म्हणजे इथल्या जाड शेवयांचं, पाणी चुलीवर ठेवलं. लसूण आणि टोमॅटोचा रस्सा केला. अझेलिओ एक ताट भरून जेवले, मग दुसरं मागितलं, आणि पावाने ताट पुसून घेतलं. छपरांवरचं ऊन केव्हाच गेलं होतं. दूर कुठेतरी हरीणआळीची माणसं ओरडत, गात फिरत होती.

खाली कुणीतरी शीळ घातली. ओर्नेलाने डोकावलं. गाल्गानो, आपल्या गल्लीच्या हद्दीत, कोपऱ्याच्या अलीकडे एक पाऊलही न टाकता उभा.

"काका जागे आहेत?"

"बोल," अझेलिओ खिडकीतून म्हणाले.

"शिरेला चीर गेलीये. बारीक. वैद्य म्हणाले, सहा-सात महिने कुरणात सोडा, चांगली होईल. पळवली असती तर पहिल्याच वळणावर..." त्याने पुढचं बोलायचं टाळलं. "आता गवत खातेय. भरपूर खातेय."

"पाय थंड पाण्यात धर. दिवसातून तीनदा."

"धरतोय. काका, आमच्यातले निम्मे तुम्हाला शिव्या देतायत. म्हणतात, बगळ्यांनी गोड बोलून आमची शर्यत घालवली."

"आणि उरलेले निम्मे?"

"ते मला देतायत. आधी का नाही सांगितलंस म्हणून." तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा हसला असावा. "क्लेलियाने विचारलंय, तुमचं रक्तदाबाचं औषध संपलं असलं तर उद्या दुकानात या. म्हणजे, ती फक्त एवढंच म्हणाली."

"येतो म्हणावं."

तो गेला आणि पाचच मिनिटांनी ब्रुनेरोकाका आले. झगा काढलेला, शर्टाची बटणं उघडी. कुणी या म्हटलं नाही, पण ते टेबलाशी बसले. ओर्नेलाने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यांनी चार घास खाल्ले, मग म्हणाले, "पाचवे आलो."

"ऐकलं."

"कोल्हे नाही जिंकले. लोक तेवढ्यावर खूश आहेत. तुला फितूर म्हणणारे आता म्हणतात, अझेलिओने कोल्ह्यांना बाद केलं, काय कान आहे! मी म्हटलं, तसं नाहीये रे ते. कुणी ऐकेना." काकांनी काटा खाली ठेवला. "दादा, मोरेल्लोचं तू मला का नाही सांगितलंस? तीस वर्षं?"

 "तू त्याच्यासाठी इतका रडला होतास," अझेलिओ म्हणाले. "तुझ्याकडे तोंड वळवायची हिंमत नव्हती."

काकांनी टेबलावरून हात पुढे केला आणि भावाच्या मनगटावर ठेवला. तसाच ठेवून दुसऱ्या हाताने ते जेवू लागले. ओर्नेला उठून स्वयंपाकघरात गेली, कारण तिथे उभं राहून बघत बसावं असं ते नव्हतं.

तिथून तिने त्रिएस्तेला नवऱ्याला फोन लावला. तो तिकडचा माणूस, समुद्रावरचा, घोड्यांशी त्याचा काही संबंध नाही. दरवर्षी तो इमानेइतबारे विचारायचा, तसं त्याने विचारलं, "मग? काय झालं?"

"घोडी वाचली," ओर्नेला म्हणाली.

"वा! म्हणजे तुम्ही जिंकलात?"

"नाही रे. आम्ही पाचवे."

"पाचवे? आणि आवाज तर असा येतोय तुझा, जसं काही... बरी आहेस ना तू?"

"बरी आहे. मी दोन दिवस अजून राहते इथं. उद्या बाबांना औषधाच्या दुकानात घेऊन जायचंय, आणि जमलं तर त्या घोडीकडे. कुठलं दुकान, कुठली घोडी, ते घरी आल्यावर सांगते. लांबलचक आहे."

फोन ठेवून ती बाहेर आली. काका रिकाम्या ताटासमोर, टेबलावर डोकं टेकून, चार दिवसांची झोप घेत होते. वडील खुर्चीत टेकून बसले होते. त्यांच्या कानाचा रोख आता रस्त्याकडे नव्हता. खिडकी उघडी होती, खालून कुणीतरी गात गेलं, आणि कोण गेलं ते त्यांनी ओळखायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.